साडूंची वीस मीटर तार

माझ्या मोठ्या साडूंइतका बोलका माणूस धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल, आणि त्यांचं बोलणं या दोन जिल्ह्यांत आजवर कोणी ऐकलेलं नाही. त्यांना बोलायला माणूस लागतो तो किमान चारशे किलोमीटर लांबचा. घरात पाणी मागायचं झालं तरी ते रिकामा तांब्या वाजवतात. पण सिलिगुडीच्या कुणा डॉक्टरला धुळ्यात काल किती ऊन होतं, पांझरेला पाणी आहे की नाही आणि सकाळी आपण कळण्याच्या भाकरी किती हाणल्या, हे ते अर्धा अर्धा तास सांगू शकतात. त्यांना हौशी रेडिओचा नाद आहे. म्हणजे स्वतःचा एक छोटा रेडिओ, स्वतःची एक तार, आणि तिच्यावरून देशभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी गप्पा. यासाठी सरकारी परीक्षा असते, लायसन असतं आणि अक्षरं-आकड्यांचं एक सरकारी नाव मिळतं. साडूंचं ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण उद्या ते विचारतील, "परवानगी घेतली होती का?" त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो, तेवढं पुरे.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, या नानांच्या पत्नी. दोघी बहिणी जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्का कोणालाही आपल्या लग्नाची गोष्ट सांगतात ती अशी: "सहा महिने मले वाटलं, बापानं मुका पाहून देला. मंग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायले गेली, तं हा बुवा कोना बंगाल्याशी हसू हसू बोलू राह्यला." यावर नानांचं शास्त्रीय उत्तर तयार असतं. लहर वर जाते, आभाळाला आपटते आणि लांब कुठेतरी उतरते. जवळच्याला ती ऐकू येतच नाही, हे निसर्गाचं आहे. अक्का म्हणतात, "निसर्गाचं नही, सोभावाचं." पस्तीस वर्षं हा वाद चालू आहे आणि अजून निकाल लागलेला नाही.

आता हे सगळं मी हसत सांगतोय खरं, पण गेल्या दिवाळीपासून नानांचे कान चाललेत. ही गोष्ट अक्कांना, पुण्याच्या मुलाला, मला, गल्लीतल्या दूधवाल्याला, सगळ्यांना ठाऊक आहे. कबूल नाही ती एकट्या नानांना. मुलाने स्पष्ट सांगून ठेवलंय की कान गेल्याचं निघालं तर स्कूटर विकायची आणि टेकड्यांवर जाणं बंद. आणि नानांचं टेकडीवर जाणं बंद करायचं म्हणजे त्यांचं काय उरतं, हे मला विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

टेकडीच का, तर घरात त्यांना नॉईज असतो. "घरात फार नॉईज आहे" हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा अक्का दोन दिवस माहेरी जाऊन राहिल्या. नंतर कळलं की नाना शेजाऱ्यांचे एलईडी दिवे, मोटारींचे स्टार्टर आणि तारांमधून येणारी खरखर यांबद्दल बोलत होते. तेव्हापासून नाना दर रविवारी सकाळी घराबाहेर. स्कूटरच्या पायाशी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत बॅटरी, पाठीला रेडिओ, आणि हँडलला आडवी बांधलेली, ओढली की सहा मीटर लांब होणारी मासे पकडायची गळाची काठी. तिच्या टोकाला तार बांधायची, काठी उभी करायची, झाला अँटेना. पण धुळ्यात गळाची काठी घेऊन निघालेला माणूस लोकांना सहन होत नाही. कोरड्या टेकडीवर, भर मे महिन्यात, काठी उभी करून ध्यान लावून बसलेल्या नानांना एका मेंढपाळाने तासभर पाहिलं आणि शेवटी जवळ येऊन हळूच विचारलं, "नाना, सापडस का काही?" नाना म्हणाले, "सकाळपासून दोन सापडले. एक केरळचा, एक ओरिसाचा." मेंढपाळ मेंढ्या घेऊन दुसऱ्या बाजूने उतरला.

झाड मिळालं तर नाना काठी वापरत नाहीत, गोफण वापरतात. हीच ती गोफण, जिने आपल्याकडे ज्वारीवरची पाखरं हाकलतात. दगडाला बारीक दोरी बांधायची, गोफण गरगर फिरवायची, दगड कडुनिंबाच्या फांदीवरून पलीकडे गेला की दोरीने तार वर ओढायची. यातलं 'पलीकडे' हे नक्की कुठे, याचा नानांनी कधी विचार केलेला नाही. एका हिवाळ्यात सासरवाडीच्या मळ्यात भरीत-पार्टी होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली होती, ठेचून झाली होती, फोडणीही पडली होती आणि तीस माणसं पत्रावळी मांडून बसली होती. नानांचा दगड झाडावरून सुरेख गेला आणि नेमका पातेल्यात उतरला. भरीत कुठवर गेलं याची मोजदाद नको. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, पांढऱ्या टोपीवर कांद्याची पात होती. एवढ्या शांततेत नाना झाडामागून आले आणि म्हणाले, "दोरी तुटली नाही ना?"

पण असोद्याला त्यांची खरी कीर्ती झाली ती त्या पार्टीमुळे नव्हे. त्या वर्षी नानांना आसामशी बोलायचं होतं. त्यासाठी वीस मीटर तार उत्तर-दक्षिण ताणायची होती. म्हणून एका रविवारी ते आबांच्या आणि शेजाऱ्यांच्या बांधांवरून टेप घेऊन फिरले, होकायंत्र लावलं, चार खुंट्या ठोकल्या, ओळखायला त्यांना लाल चिंध्या बांधल्या, डायरीत काहीबाही लिहिलं आणि सवयीप्रमाणे कोणाशी एक अक्षर न बोलता निघून गेले. आता आपल्याकडे शेतात टेप घेऊन उतरणारा, खुंट्या ठोकणारा आणि विचारलं तरी न बोलणारा माणूस म्हणजे दुसरं काय असणार? रस्त्याची मोजणी. जमीन जाणार, आणि जमिनीवर जे उभं असेल त्याचा मोबदला वेगळा मिळणार. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर खुंट्यांच्या रेघेवर लिंबाची शंभरेक रोपं, मध्ये डाळिंबं, आणि एका ठिकाणी नवं कोरं पत्र्याचं शेड, त्यावर 'कुक्कुटपालन' अशी पाटी आणि आत एक कोंबडी.

पाच-सात मंडळी वाट बघतच उभी होती. एक म्हणाला, "साहेब, आमच्यातून नका नेऊ, केळी कापणीला आली आहे." दुसऱ्याने त्याला मागे सारलं आणि नानांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, रेघ थोडी आमच्या अंगाला सरकवता आली तर बघा." नाना खोटं बोलत नाहीत हा त्यांचा मोठा दुर्गुण आहे. ते म्हणाले, "रेघ सरकणार नाही. सरकवली तर आसाम मिळत नाही." झालं. रस्ता आसामपर्यंत जाणार म्हटल्यावर तो चौपदरी तरी असणारच, हे संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. आबांनी घरोघर फिरून सांगितलं की तो आमचा जावई आहे, जरा तसाच आहे, काही रस्ता-बिस्ता नाही. लोकांनी आबांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू सगळा मोबदला जावयाच्या नात्याने आबाच घेऊन जाणार आहेत. ती लिंबं आता धरली आहेत आणि उताराही चांगला येतो. नानांचे आभार मात्र अजून कोणी मानलेले नाहीत.

दोन गोष्टींत नाना अजिबात हलत नाहीत. एक म्हणजे माईक. मी त्यांच्याबरोबर कितीदा गेलोय, बॅटरी उचलली, काठी धरली, एकदा लांडग्यासारखं दिसणारं कुत्रं हाकललं, पण माईकला हात लावू दिला नाही. "लायसन नाही तुमच्याकडे." एकदा नाना झुडपामागे गेले होते आणि इकडे कोणीतरी त्यांचं सरकारी नाव घेऊन कळकळीने हाका मारत होता. मी झुडपाकडे पाहून ओरडलो, "नाना, बोलू का?" झुडपातून उत्तर आलं, "गुन्हा आहे." दुसरी गोष्ट म्हणजे आकडा. हवेतून भेटलं की दोघांनी एकमेकांना सांगायचं असतं, तुमचं कसं ऐकू येतंय, दोन आकड्यांत. पहिला आकडा कानाचा, शब्द किती कळतात त्याचा, एक ते पाच. दुसरा जोराचा, तो रेडिओवरच्या सुईवर बघून सांगतात, एक ते नऊ. बाकीचे लोक भिडेखातर सगळ्यांना पाच-नऊ देऊन टाकतात. नाना जेवढं असेल तेवढंच देणार. त्या सिलिगुडीच्या डॉक्टरला एकदा त्यांनी तीन-सहा दिले, तर तो बिचारा वर्षभर बोलला नाही.

अशा माणसाचा एकच म्हणावा असा मित्र आहे, गडहिंग्लजचे गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले. अठरा वर्षं, दर रविवारी, सकाळी आठला. हाक गुरुजींनी मारायची आणि ओ नानांनी द्यायची, असा शिरस्ता. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. एकदा आम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, गडहिंग्लज तिथून हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, जाऊन येऊ. नाना मंगल कार्यालयाच्या गच्चीवर तार लावून बसले आणि आठला गुरुजी लागलेच नाहीत, कारण लहर त्यांच्या डोक्यावरून जात होती. खाली आले ते तोंड पाडून. "जवळ गेलं की तुटतं," म्हणाले, "आपलं धुळं बरं." दोघांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. नाना एरवी आमच्याशी शहरी बोलतात, गुरुजींशी मात्र अहिराणीत घुसतात. गुरुजी म्हणायचे, "नाना, तुमचं मराठी निम्मं गुजरातेत ऱ्हातंय बघा." आणि नाना म्हणायचे, "गुरुजी, ह्या तुमन्या गप्पा शेतस का भांडन?" मग दोघं हसायचे. नाना हसतात हे मला तिथेच कळलं.

तर कान. मुलाने पुण्याहून कानाचं महागडं यंत्र आणलं. नानांनी ते स्क्रूड्रायव्हरने उघडलं, भिंगातून पाहिलं, "बनवलंय सुरेख" असा शेरा दिला आणि परत न जोडता डबीत ठेवून दिलं. कान ठणठणीत आहेत, बिघाड सूर्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. सूर्यावरचे डाग कमी-जास्त झाले की लहरी नीट परततच नाहीत, त्याला कोण काय करणार. अक्कांनी मला बोलावून सांगितलं, "भाऊजी, तुमी जात जा संगे. मांगून ट्रकचा भोंगा वाजला तरी या मानसाले पत्ता नसतो." मी धुळ्यातच, दोन गल्ल्या सोडून राहतो आणि निवृत्त आहे, म्हणजे नकाराला जागा नव्हती.

पहिल्या रविवारी लळिंगच्या टेकडीवर गेलो. एका कडुनिंबावरून गोफणीने तार ताणली आणि त्याखाली बसलो. नानांनी रेडिओवर आपली टोपी ठेवली, म्हणाले, काचेला ऊन लागतं. आवाज पूर्ण वाढवला. आणि आठ वाजता त्या खरखरीतून, मला लख्ख, गुरुजींचा आवाज आला. "धुळ्याचं नाना, हाय काय? नाना, ओ द्या." नाना माझ्या शेजारी बसून आभाळाकडे बघत शेंगा सोलत होते. खरखर त्यांना ऐकू येत असावी. शब्द येत नव्हते. दहा मिनिटं गुरुजी हाका मारत होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नाना म्हणाले, "कोणी नाही. बँड मेलाय आज, लहरी परतत नाहीत." आणि माझी हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर माझ्याच तोंडून त्यांचे कान गेले असते, आणि मग स्कूटर, टेकडी, सगळंच. दुसऱ्या रविवारीही तेच. मी घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

तिसऱ्या रविवारी गुरुजींनी हाका मारल्या त्या थोड्याच. मग सोलापूरचा एक आणि हुबळीचा एक असे दोघं त्याच लहरीवर होते, त्यांना ते म्हणाले, "तीन रविवार झालं. ह्यो माणूस चुकणारा न्हवं. वय झालं हुतं. गेलं असावं बघा." सोलापूरचा म्हणाला, फोन करून बघा की. गुरुजी म्हणाले, "नंबर कुणाकडं हाय? अठरा वर्सांत गरजच पडली न्हाई." मग गुरुजींनी घसा खाकरला आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं की धुळ्याच्या नानांसाठी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध राहू या.

इकडे नानांनी शेंगांची टरफलं फुंकली आणि म्हणाले, "आजही मेलेलाच."

ओरडून सांगितलं तर नानांना कळतं, पण ही ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. मी त्यांची डायरी ओढली आणि लिहिलं: 'गुरुजी तीन रविवार बोलावताहेत. त्यांना वाटतं तुम्ही गेलात. आत्ता तुम्हाला श्रद्धांजली वाहताहेत, दोन मिनिटं.' नानांनी चष्मा वर केला, वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रेडिओवरच्या टोपीकडे पाहिलं आणि मग मला कळलं. त्या टोपीखाली सुई होती. समोर कोणी बोलायला लागलं की ती उड्या मारते, ते बघायला कान लागत नाहीत. ऊन कुठलं, आम्ही तर झाडाखाली बसलो होतो. कोणीतरी बोलतंय आणि आपल्याला कळत नाही, हे सुई दर रविवारी सांगणार, म्हणून त्यांनी तीन रविवार तिच्या तोंडावर टोपी घातली होती. मी त्यांना जपत होतो आणि त्यांना आधीपासून सगळं माहीत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि आपण किती मूर्ख आहोत हेही वाटलं.

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. स्तब्धता चालू होती, सुई तळाशी पडून होती. मी माईककडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "होऊ द्या दोन मिनिटं. मधे बोलत नाहीत." तेव्हा लळिंगच्या टेकडीवर स्वतः मयत आणि त्याचा साडू असे दोघं ती दोन मिनिटं गप्प राहिलो. मी उभा राहायला निघालो होतो, नानांनी सदऱ्याला धरून खाली बसवलं.

सुई हलली तसं त्यांनी बटण दाबलं, आपलं सरकारी नाव सांगितलं आणि म्हणाले, "धुळ्याहून नाना. तुमचा कार्यक्रम आटोपला असेल तर मी येऊ का?"

पलीकडे जो गलका झाला तो काय सांगावा. सोलापूर, हुबळी, गडहिंग्लज सगळे एकदम. मग गुरुजी एकटे उरले. "आरं माणसा, कुठं मेला हुतास तीन रविवार," असं सुरू झालं, मध्येच शिव्या, मध्येच देवाचं नाव, आणि मध्येच नुसतंच नाक ओढणं. मी जमेल तेवढं भराभर लिहीत होतो, नाना माझ्या खांद्यावरून वाचत होते. शिव्या लिहू की नको म्हणून मी थांबलो, तर म्हणाले, "बठ्ठं लिखा." मग सगळंच लिहिलं. शेवटी गुरुजींनी सवयीने विचारलं, "आमचं कसं येतंय, नाना?" तेही मी लिहिलं.

नानांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी रेडिओ उचलून माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाले, "सुई नऊ दखाडस. पहिला आकडा आते माले समजस नही, भाऊ. तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत या माणसाने मला एकही गोष्ट विचारली नव्हती. गुरुजी अजून नाक ओढतच होते, मागे हुबळीचा बोलत होता, निम्मे शब्द मी अंदाजाने लिहिले होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर तीन. मी त्यांच्यासमोर पंजा धरला, पाचही बोटं.

नानांनी पंजाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी खोटं बोलतोय हे त्यांना नक्की कळलं. त्यांनी बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पाच-नऊ, गुरुजी. शब्द न् शब्द."

गुरुजी म्हणाले, "अठरा वर्सांत पयल्यांदा पाच दिलासा की ओ, नाना."

मी तेही लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.